१९३३ चा गाउडी बेसबॉल कार्ड संच : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

कामाची व्याप्ती ठरली. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने १९३३ मध्ये एका सेंटच्या च्युइंगगमच्या पुडीत एकेक बेसबॉल कार्ड घातले. त्या संचाची २३९ कार्डे पूर्ण करायची आहेत. छापील क्रमांक २४० पर्यंत जातात, पण १०६ क्रमांकाचे कार्ड त्या वर्षी बाजारात आलेच नाही. त्याची नोंद पुढे वेगळी येईल. जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकन कार्डांची सूची केली, तिच्यात हा संच आर-३१९ या खुणेने येतो. लिलावांच्या याद्यांत आजही हीच खूण चालते, म्हणून आमच्या सर्व फायलींची नावेही तिनेच सुरू होतील.

दर्जा १ ते ३, म्हणजे कार्डे तपासून दर्जा देणाऱ्या पीएसए किंवा एसजीसी या कंपन्यांच्या दहाच्या मोजपट्टीवरची खालची टोके. कोपरे गोल झालेले, मधून घडी पडलेली, पाठीवर मेणाचा डाग असलेली कार्डे चालतील. कडा कातरलेली, रंग भरलेली किंवा रसायनाने उजळवलेली चालणार नाहीत, मग ती कितीही देखणी असोत. पोरांच्या खिशात मळलेले कार्ड जसे होते तसे आहे. कातरलेल्या कार्डावर मूळ मापाचा पुरावाच उरत नाही.

हाती असलेला माल असा : एका जुन्या वहीत चिकटवलेली ९६ कार्डे आणि ४१ सुटी. दुबार वगळून ११८ वेगळे क्रमांक.

११ जानेवारी

साहित्य जमवले. १० पटीचे भिंग, ०.०१ मिमी दाखवणारा डिजिटल व्हर्नियर, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, टपाल तिकिटांसाठी वापरतात तो चपट्या टोकांचा चिमटा, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि एक साधा टेबल लॅम्प, जो मेजाच्या पातळीला आणून कार्डावर तिरपा प्रकाश टाकता येईल.

या सगळ्याहून उपयोगाचे म्हणजे नमुना कार्डे. सामान्य खेळाडूंची, अस्सल असल्याबद्दल शंका नसलेली पाच कार्डे बाजूला काढली आहेत. प्रत्येक संशयित कार्ड यांच्याशेजारी ठेवून पाहायचे : पुठ्ठ्याची जाडी, वजन, पाठीवरच्या हिरव्या शाईची छटा, कडेचा रंग. वाचून मिळालेल्या वर्णनापेक्षा शेजारी ठेवलेला अस्सल तुकडा लवकर निर्णय देतो. ज्याला गाउडीत उतरायचे आहे त्याने पहिले पैसे बेब रूथसारख्या बड्या खेळाडूच्या कार्डावर न घालता अशा स्वस्त, झिजलेल्या कार्डांवर घालावेत.

१८ जानेवारी

सुट्या ४१ कार्डांची तपासणी.

माप : २ ३/८ बाय २ ७/८ इंच, म्हणजे ६०.३ बाय ७३.० मिमी. कारखान्यातली कटाई तंतोतंत नव्हती, त्यामुळे थोडा फरक असणारच. चारही बाजू मोजायच्या आणि प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना मोजायची. एका टोकाला ६०.२ आणि दुसऱ्याला ५९.३ आले तर ते कार्ड वेगळे काढायचे. कारखान्यातली कटाई वाकडी असू शकते, पण मग समोरची बाजूही बहुधा तशीच तिरकी असते. एकच बाजू तिरकी आणि तीच सर्वांत स्वच्छ, हे लक्षण वाईट.

कडा : नव्वद वर्षांत चारही कडा सारख्या मळतात. भिंगाखाली एक कड पांढरट, धारदार आणि उरलेल्या तीन तपकिरी, मऊ दिसल्या तर कात्री किंवा ब्लेड फिरले आहे असे समजायचे. उलट, कडेला शेजारच्या कार्डाचा रेषाभर रंग उतरलेला दिसला तर ती बाजू कोणी आत कातरलेली नाही याची खात्री पटते. दर्जा देणाऱ्या कंपन्या अशा कार्डाला मध्य साधला नाही म्हणून कमी गुण देतात. आम्ही ती आनंदाने ठेवतो.

छपाई : नावाची अक्षरे आणि कार्डाच्या तळातल्या ‘बिग लीग च्युइंगगम’ या पट्टीच्या कडा भिंगाखाली धरायच्या. अस्सल कार्डावर अक्षर एकसंध शाईचे, भरीव. नक्कल ही मूळ कार्डाचा फोटो काढून चार रंगांत छापलेली असते, त्यामुळे अक्षराच्या कडा निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांत फुटतात. चेहऱ्याकडे पाहून निर्णय घेऊ नये, चेहऱ्यावर ठिपके अस्सल कार्डातही असू शकतात. फरक अक्षरांत कळतो.

यूव्ही : कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चकाकी आणणारी द्रव्ये साधारण १९५० च्या आसपास रूढ झाली. अंधारात टॉर्चखाली कार्ड निळसर-पांढरे चमकले तर ते १९३३ चे नाही. मात्र न चमकणे हा अस्सलपणाचा दाखला नव्हे, कारण जुना कोरा पुठ्ठा मिळवून त्यावर छापणारेही आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश लागला तरी ठिपका चमकतो, म्हणून संपूर्ण पृष्ठभाग पाहायचा. भरलेला रंगही इथेच सापडतो, कारण आजूबाजूची शाई मंद असते आणि कोपऱ्यावरचा मार्कर वेगळ्या तेजाने दिसतो.

निकाल : ४१ पैकी ३६ अस्सल आणि अखंड, ३ कातरलेली, १ कोपऱ्यात रंग भरलेले, १ नक्कल. नकलेच्या पाठीवर खालच्या बाजूला खरवडल्याची खूण आहे. बऱ्याच पुनर्मुद्रणांवर ‘रीप्रिंट’ हा शब्द छापलेला असतो, तो घासून काढून जुने म्हणून विकतात. तिरप्या प्रकाशात तिथला खोलगटपणा लगेच दिसतो.

२५ जानेवारी

यादी क्रमांकांनुसार लावली आणि छपाईच्या तावांच्या हिशेबाने पुन्हा पाहिली. ही दुसरी मांडणी केल्याशिवाय या संचातली टंचाई समजत नाही.

२४ कार्डांचा एक ताव, असे १० ताव, म्हणजे २४० जागा. वेगवेगळी कार्डे २३९. उरलेल्या एका जागी बेब रूथचे १४४ क्रमांकाचे कार्ड दुसऱ्यांदा छापले. म्हणून रूथच्या चार कार्डांत (५३, १४४, १४९, १८१) १४४ सर्वांत सहज मिळते. क्रमांक ओळीने छापले नव्हते, मध्ये मुद्दाम गाळलेले होते. मुलांनी गहाळ क्रमांकाच्या शोधात पुड्या घेत राहाव्यात हा हेतू, आणि १०६ चे प्रकरण त्याच पद्धतीतून आले.

बाजारात १ ते ५२ हे क्रमांक महाग, त्यात ४१ ते ४४ चा अपवाद. ५३ पासून पुढचे सामान्य खेळाडू तुलनेने स्वस्त. आमच्या गहाळ १२१ पैकी ३४ या सुरुवातीच्या गटातले आहेत, तेव्हा खर्चाचा मोठा भाग तिथे जाईल. क्रमांक १, बेनी बेंगॉ, याला वेगळेच कारण आहे. मुले गठ्ठ्याला रबर लावत आणि सर्वांत वर क्रमांक १. त्याच्या दोन्ही बाजूंना बऱ्याचदा रबराचे खाचे असतात. हॅल शूमाकर (२४०) गठ्ठ्याच्या तळाशी राहून तसाच भरडला जातो. खाचे असलेले बेंगॉ मिळाले तर घ्यायचे, वाट पाहत बसायचे नाही.

शेवटचा ताव हा या संचाचा सुंदर भाग आहे. १९३३ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, न्यूयॉर्क जायंट्स आणि वॉशिंग्टन सेनेटर्स यांच्यात झाली, जायंट्सनी ती ४-१ अशी जिंकली, आणि या तावावर याच दोन संघांचे खेळाडू भरलेले आहेत. म्हणून मेल ऑट १२७ वर आहे तसा २०७ वरही आहे, आणि कार्ल हबेल २३० व २३४ अशा दोन क्रमांकांवर येतो. त्या हंगामात पिचर (चेंडू टाकणारा) हबेलचे २३ विजय आणि दर नऊ डावांमागे दिलेल्या अर्जित धावांची सरासरी १.६६ होती, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. कंपनीने त्याला दोनदा छापले ते योग्यच.

८ फेब्रुवारी

वहीतील कार्डे सोडवण्याची चाचणी. वहीचा कागद ठिसूळ, चिकटवायला बहुधा पिठाची खळ वापरली आहे. खळ पाण्यात सुटते. रबर सिमेंट सुटत नाही. ते पिवळसर, लवचिक दिसते आणि बोटाने घासले तर त्याच्या गोळ्या होतात, म्हणून ओळखता येते.

आधी पाठीवरच्या हिरव्या शाईवर ओला कापूस हलकेच टेकवून पाहायचा. शाई उतरत नसेल तर पुढे जायचे. आमच्या चाचणीत उतरली नाही. पेनने लिहिलेले मात्र पसरते, म्हणून शाईची सही, आकडे किंवा नाव असलेली कार्डे पाण्यात घालायची नाहीत.

पद्धत : वहीचे पान कात्रीने कापून प्रत्येक कार्ड पाठीच्या कागदासह सुटे करायचे, कार्डाभोवती अर्धा इंच कागद ठेवून. उथळ ट्रेमध्ये खोलीच्या तापमानाचे डिस्टिल्ड वॉटर, दोन इंच. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, ते नको. कार्ड चित्राची बाजू वर करून सोडायचे. २० मिनिटांनी तपासायचे, पण कागद ओढायचा नाही. खळ पुरती भिजली की पाठीचा कागद आपोआप तरंगून बाजूला होतो. कधी अर्धा तास लागतो, कधी दोन तास. पाणी पिवळे झाले की बदलायचे. कागद सुटल्यावर पाठीवर बुळबुळीत थर राहतो, तो स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशने एकाच दिशेने काढायचा. हा थर राहिला तर वाळल्यावर कार्ड टीपकागदाला चिकटते आणि पाठीवरची छपाई उखडते. या कामातले बहुतेक नुकसान इथेच होते.

वाळवणे : दोन्ही बाजूंना पांढरा, आम्लरहित टीपकागद, वर काचेची तक्ती, तिच्यावर सुमारे ३ किलो वजन. अर्ध्या तासाने टीपकागद बदलायचा, पुन्हा दोन तासांनी, मग रात्रभर. एकूण ४८ तास दाबाखाली. हेअर ड्रायर लावू नये. वरची बाजू आधी आकसते आणि कार्ड कौलासारखे वळते, मग ते सरळ करताना मधोमध घडी पडते.

पहिल्या ६ कार्डांपैकी ५ स्वच्छ सुटली. सहाव्याच्या कोपऱ्याचे थर आधीच उकललेले होते, पाण्यात ते आणखी उकलले. पुठ्ठा थरांचा असतो, त्यामुळे फुटलेल्या कोपऱ्याला पाणी आतून फोडते. यापुढे असे कोपरे असलेली कार्डे वहीच्या कागदासकटच ठेवायची.

१ मार्च

वहीचे काम पुरे. ९६ पैकी ८१ सोडवली. उरलेली १५ न भिजवता ठेवली : ७ वर पेनची शाई, ५ चे कोपरे उकललेले, ३ वर रबर सिमेंट. सोडवलेल्यांपैकी ११ च्या पाठीवरचा कागद थोडा गेला आहे, तो पूर्वीच कोणी वहीतून ओढून पुन्हा चिकटवल्यामुळे. पाठीवरची छपाई गेली की समोरची बाजू कितीही चांगली असली तरी दर्जा १ च्या आसपास येतो. आमच्या संचाला ते चालते.

भिजवलेले कार्ड विकताना ते भिजवलेले आहे हे सांगायचेच. साध्या पाण्याला संग्राहकांत मान्यता आहे. ब्लीच, डाग काढण्याची द्रवे आणि इस्त्री यांना नाही. तरीही घेणाऱ्याला माहिती असली पाहिजे.

२२ मार्च

रूथ. १४४ आधीच आहे, वहीतले, मधून आडवी घडी. ५३, १४९ आणि १८१ बाकी.

५३ आणि १४९ वर चित्र एकच, पार्श्वभूमी वेगळी : ५३ पिवळी, १४९ लाल. १८१ हिरवी आणि चित्रही दुसरे. सर्वांत जास्त मागणी ५३ ला आहे. त्याचे एक ९ दर्जाचे कार्ड जुलै २०२१ मध्ये ४० लाख डॉलरच्या वर गेले. या तिन्हीची खरेदी फक्त पीएसए किंवा एसजीसीच्या बंद डबीत करायची, कारण नकला आणि कातरणी सर्वांत जास्त याच कार्डांवर होते. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून त्याच कार्डाचा जुना फोटो मिळतो का पाहायचे, आणि घडी, डाग, कडेचे अंतर एकेक करून जुळवायचे. डबी उघडून आत दुसरे कार्ड बसवण्याचे प्रकार होतात. डबीच्या कडेला धूसर पांढरी रेघ किंवा चरे असतील तर घ्यायचे नाही.

लू गेरिगचे ९२ आणि १६० यांवरही एकच चित्र आहे, क्रमांक पाठीवर पाहूनच ठरवायचा. विक्रेत्याने फक्त समोरचा फोटो दिला असेल तर पाठीचा मागून घ्यायचा.

५ एप्रिल

क्रमांक १०६, नॅप लाज्वे. याने १९१६ मध्येच खेळ सोडला होता. १९३३ मध्ये १०६ शोधणाऱ्या मुलांना ते मिळणे शक्यच नव्हते, कारण छापलेच नव्हते. तक्रारी गेल्यावर कंपनीने १९३४ च्या संचाच्या तावावर ते छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवले. काही प्रतींवर कागदाच्या पिनेची खूण दिसते, ती पत्राला जोडल्याची. पुड्यांतून न गेल्यामुळे मिळतात त्या प्रती बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत असतात, आणि संख्या फारच थोडी.

आमचा निर्णय : १०६ घ्यायचे नाही. आम्ही १९३३ मध्ये पुडी फोडून मिळू शकणारा संच जमवतो आहोत, आणि तो २३९ वर पूर्ण होतो. अल्बममध्ये १०६ चा कप्पा रिकामा राहील. तिथे नक्कल ठेवायची सूचना आली होती, ती मान्य केली नाही.

२६ एप्रिल

सूचीकरण. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून आर३१९-०५३-पुढे, आर३१९-०५३-मागे अशी नावे दिली. स्कॅनरचे झाकण उघडे ठेवून वर काळा पुठ्ठा धरला की कडा स्पष्ट येतात, पांढऱ्या झाकणाखाली पांढरी कड हरवते. डबीतल्या कार्डांसाठी सीसीडी प्रकारचा स्कॅनर लागतो. सीआयएस प्रकारचा स्वस्त स्कॅनर काचेला टेकलेलेच स्पष्ट टिपतो, डबीमुळे कार्ड काचेपासून थोडे वर राहते आणि चित्र धूसर येते.

पाठीवरचा मजकूर टंकित करण्याचे काम सुरू. तिथे आकड्यांचे तक्ते नाहीत, काही ओळींचा परिचय आहे. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक टीप सूचीत घातली : बेसबॉलची फलंदाजी सरासरी म्हणजे डावामागे धावा नव्हेत, फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा हिट मिळाली ते प्रमाण. .३५६ म्हणजे हजारात ३५६. आणि पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस या संधींत धरत नाहीत.

हा आकडा जिमी फॉक्सचा, १९३३ चा. ४८ होमरन आणि १६३ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे आलेल्या धावा) घेऊन त्याने अमेरिकन लीगचा तिहेरी मुकुट, म्हणजे सरासरी, होमरन आणि आरबीआय या तिन्हींत पहिला क्रमांक, मिळवला. त्याच वर्षी, त्याच फिलाडेल्फिया शहरात, दुसऱ्या लीगचा तिहेरी मुकुट चक क्लाइनने मिळवला : .३६८, २८, १२०. संचात फॉक्स २९ आणि १५४ या क्रमांकांच्या कार्डांवर आहे, क्लाइन १२८ वर. ही कार्डे पुड्यांतून निघत होती तेव्हा तो हंगाम चालू होता, हे लक्षात ठेवून पाठी वाचायच्या. ६ जुलैला शिकागोच्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यात रूथने होमरन मारला, १७ ऑगस्टला गेरिगने सलग सामन्यांचा एव्हरेट स्कॉटचा १,३०७ चा विक्रम मागे टाकला.

सामान्य म्हणून स्वस्तात जाणाऱ्या कार्डांकडेही नीट पाहावे. १५८ वरचा मो बर्ग हा सेनेटर्सचा राखीव कॅचर. प्रिन्स्टनचा पदवीधर, अनेक भाषा जाणणारा, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेत. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिचला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या व्याख्यानाला तो श्रोता म्हणून बसला होता, जर्मनीचे अणुबॉम्बचे काम कुठवर आले आहे याचा अंदाज घ्यायला. आता हे कार्ड सामान्य भावात मिळत नाही.

१७ मे

साठवण. गाउडी कार्ड आजच्या अडीच बाय साडेतीन इंची कार्डापेक्षा लहान, म्हणून नेहमीच्या पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) ते खाली-वर सरकते आणि कोपरे आपटतात. आधी गाउडीच्या मापाची स्लीव्ह, मग ती नऊ कप्प्यांच्या पानात. २४० कप्प्यांना २७ पाने लागतात. पाने पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसीची नकोत. पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू बाहेर येतात आणि छपाईला चिकटतात. जुन्या पानाला नव्या शॉवर कर्टनसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी समजून टाकून द्यायचे.

अल्बम बेसमेंटमध्ये ठेवायचे नाहीत. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात तिथली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाते, डीह्युमिडिफायर बंद पडला तर बुरशी धरायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावरचे आतले कपाट निवडले, बाहेरच्या भिंतीला न लागणारे. लक्ष्य ४० ते ५० टक्के, कपाटात हायग्रोमीटर. सिलिका जेल थेट अल्बमच्या पेटीत भरपूर टाकू नये, कारण ३० टक्क्यांच्या खाली पुठ्ठा कोरडा होऊन वळतो.

७ जून

स्थिती : २३९ पैकी १७३. या महिन्यात सेनेटर्सच्या चार कार्डांचा एक लॉट घेतला, त्यात गूस गॉसलिनचे १६८ मिळाले. त्याचेच ११० आधीच होते.

गहाळ ६६ पैकी २४ क्रमांक ५२ च्या आतले. पुढचा क्रम असा : आधी बेंगॉ आणि १ ते ४० मधील सामान्य खेळाडू, कारण यांचे १ ते ३ दर्जाचे सुटे कार्ड बाजारात दिसले की लगेच जाते. मग गेरिग ९२. रूथ ५३ सर्वांत शेवटी. १४९ साठी एसजीसीचे १ दर्जाचे एक कार्ड पाहणीत आहे, पाठीवर अल्बमच्या काळ्या कागदाचे ठिपके, समोरचा लाल रंग चांगला. विक्रेत्याकडून डाव्या कडेचा जवळचा फोटो मागवला आहे.